हाडाला लागलेली हवा

आत्याच्या फ्रिजच्या दारावर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले आहेत. एक हाडांच्या डॉक्टरांचा. त्यावर गोळ्यांच्या नावांखाली, दोनदा अधोरेखित करून लिहिलंय : रोज अर्धा तास उन्हात चालणे. दुसरा छातीच्या डॉक्टरांचा. त्यावर इनहेलरच्या वेळा, आणि त्याखाली : धूर-धूळ टाळणे, हवा खराब असेल तर बाहेर पडू नये. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती बूट घालून, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून दाराशी उभी होती आणि मी मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघत होते. आकडा लाल रंगात होता. बाहेर सूर्य होता, पण ताटलीसारखा, टक लावून बघता येईल असा. "मग काय करू गं? या दोघांपैकी कोणाचं ऐकू?" तिने विचारलं. "आज राहू दे," मी म्हटलं. ती खुर्चीत जाऊन बसली, पण बूट काही तिने बराच वेळ काढले नाहीत.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून तर तो प्रश्न मला चिकटून बसला. दोघांनीही तिला नीट तपासलं होतं, वेळ दिला होता, समजावून सांगितलं होतं. एकाने मणके पाहिले, दुसऱ्याने फुप्फुसं ऐकली. या दोन अवयवांचं आपसांत काही बोलणं चालू असेल, असं मात्र कुणाच्याच कागदावर नव्हतं.

तिच्या हाडांची घनता मोजली तेव्हा मी सोबत होते. डेक्सा नावाची ती तपासणी. आधी वाटलं होतं, एमआरआयसारखी बोगद्यात घालतील, तिला घाबरायला होईल. तसलं काही नव्हतं. एक उघडं टेबल, त्यावर गादी. तंत्रज्ञ बाईंनी तिच्या पोटऱ्यांखाली चौकोनी ठोकळा सरकवला, म्हणजे कंबर टेबलाला सपाट टेकते. मग खुब्याच्या चित्रासाठी पाऊल आत वळवून एका तिकोनी आधाराला पट्ट्याने बांधलं. यंत्राचा हात तिच्या अंगावरून हळूहळू सरकत गेला, बारीक घूं घूं करत. दुखलं नाही, खुपलं नाही, काही मिनिटांत आटोपलं. हातात आलेल्या कागदावर हिरवे, पिवळे, लाल असे तीन उतरते पट्टे आणि लाल पट्ट्यात एक ठिपका. टी-स्कोअर उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ-ठिसूळ होण्याचा आजार, म्हणायचं, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये आखली. हा आकडा काढताना आपली तुलना करतात ती ऐन तारुण्यातल्या निरोगी बाईशी. हे समजल्यावर आत्या म्हणाली, "ही कोण बाई? आणि माझ्या वयाला तिची काय बरोबरी?" तंत्रज्ञ बाई हसल्या. मला मात्र तिचा मुद्दा अगदीच चुकीचा वाटला नाही.

खोकला ऐकू येतो. डोळे चुरचुरतात, घशात खवखव होते, रुमालावर काळं उमटतं. हाडाला असली काहीच भाषा नाही. ते गुपचूप विरळ होत जातं आणि एक दिवस बादली उचलताना, शिंक येताना, बाथरूमच्या उंबऱ्यावर एकदम कळवतं. आत्याच्या बाबतीत निदान मोडण्याआधी कळलं. तिच्या थोरल्या जावेला खुबा मोडल्यावरच कळलं होतं, आणि त्यानंतरची तिची अंथरुणातली वर्षं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे घरात 'खुबा' हा शब्द जरा आवाज खाली आणूनच उच्चारतात.

मग मी वाचत सुटले. आपल्या हाताशी दुसरं काही नसतं तेव्हा माणूस वाचतो.

पहिल्यांदा हाती लागला तो हैदराबादजवळच्या २८ गावांमधला अभ्यास. संशोधकांनी ३,७१७ माणसांची हाडं याच डेक्सा यंत्राने मोजली आणि प्रत्येकाच्या घराभोवतीच्या हवेत सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, आणि काजळी किती असेल याचा अंदाज बांधला. जानेवारी २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले : जिथली हवा अधिक दूषित, तिथल्या लोकांच्या कमरेच्या मणक्यांत आणि खुब्यात खनिजांचं प्रमाण कमी. मी दोनदा वाचलं ते वयामुळे. ही म्हातारी माणसं नव्हती. सरासरी वय जेमतेम पस्तीस-छत्तीस. ट्रॅफिकने तुंबलेले चौकही नव्हते, गावं होती. तिथलं पीएम २.५ चं वार्षिक सरासरी प्रमाण होतं घनमीटरमागे ३२.८ मायक्रोग्रॅम. भारताचं अधिकृत मानक आहे ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस खाली आणून ५ केली. म्हणजे सरकारी कागदावर त्या गावांची हवा मर्यादेच्या आत होती, आणि मोजणी सांगत होती की हाडांना ती मर्यादा ठाऊक नाही.

त्याच अभ्यासात एक कोडंही आहे. निम्म्याहून अधिक लोकांच्या घरी लाकूडफाटा, शेणी असलं जळण होतं. वाचणाऱ्याचा पहिला संशय साहजिकच चुलीवर जातो. पण चुलीच्या इंधनाचा आणि हाडांच्या घनतेचा संबंध काही दिसला नाही. याचा अर्थ चूल निर्दोष, असा मी घेत नाही. घरात कोणतं जळण वापरता, एवढ्या प्रश्नाच्या उत्तरात धुरापुढे कोण किती वेळ वाकून बसतं हे मावत नाही. पण असा न जुळणारा निष्कर्षही लपवून न ठेवता छापला आहे, म्हणून बाकीच्यावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो. सगळंच एकाच दिशेला बोट दाखवायला लागलं की मला जरा शंका येते.

शंका घ्यायला जागा अजूनही आहेच. जिथे हवा वाईट, तिथे बहुतेकदा गरिबीही असते, पोषण तोकडं असतं, मोकळं मैदान नसतं. संशोधक हे सगळं आकडेमोडीतून वजा करायचा प्रयत्न करतात, पण आयुष्य इतकं स्वच्छ वजा होत नाही. माझं मत हळूहळू बनत गेलं ते एका अभ्यासावरून नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेल्या लोकांच्या हाडांतून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा निघते म्हणून. अमेरिकेच्या ईशान्य भागात मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या ९२ लाख वयस्क लोकांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या. सूक्ष्म कण जास्त असलेल्या भागांत हाड मोडून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त निघालं. कणांत घनमीटरमागे सुमारे चार मायक्रोग्रॅमची वाढ, तर दाखल होणाऱ्यांत सुमारे चार टक्क्यांची. चार मायक्रोग्रॅम! आपल्याकडे हिवाळ्यात एका तासात याच्या कितीतरी पट चढउतार होतो. पुढे २०२३ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या १ लाख ६१ हजारांहून अधिक अमेरिकी बायकांचा अभ्यास आला. त्यात मुख्यत्वे वाहनांच्या धुरातून येणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा कमरेच्या मणक्यांवरचा परिणाम सगळ्यात ठळक दिसला. वयाने होणाऱ्या वार्षिक झिजेच्या जवळजवळ दुप्पट, असं संशोधकांचं म्हणणं. वय हा एकटाच चोर आहे असं आपण धरून चाललो होतो, आणि त्याचा साथीदार रस्त्यावर हॉर्न वाजवत उभा होता.

पण हवा हाडापर्यंत जाते तरी कशी? छातीपर्यंतचं कळतं. पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक. नाकातले केस, घशातला चिकट ओलावा ही सगळी नाकाबंदी चुकवून ते थेट वायुकोशांत उतरतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. फुप्फुसं आपल्या परीने लढतात, म्हणजे दाह होतो, आणि त्या दाहाचे निरोपे, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशा नावांचे, रक्तातून अंगभर फिरतात. ते हाडापाशी पोचले की तिथला तोल बिघडतो. कारण हाड म्हणजे एकदा ओतून घट्ट झालेलं काँक्रीट नाही. सतत खोदकाम चालू असलेला तो रस्ता आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड उकरतात, मागून ऑस्टिओब्लास्ट येऊन खड्डा भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. दाहाचे निरोप उकरणाऱ्या टोळीला आणखी माणसं देतात. भरणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते, किंवा कमीच होते. एका दिवसात काही बिघडत नाही. वीस वर्षांत रस्ता चाळण होतो.

आणखी एक वळणाची वाट आहे, ती मला आत्याच्याच दुसऱ्या कागदावर सापडली. वाईट हवेने दमा उसळतो. दमा फारच उसळला की तोंडाने स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या जीव वाचवतात, यात वादच नाही. मी तिचे ओठ निळसर पडलेले पाहिले आहेत आणि त्या गोळ्यांनी परतलेला रंगही पाहिला आहे. पण स्टिरॉइड दीर्घकाळ घेतलं की हाडं ठिसूळ होतात, हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून माहीत आहे. शिवाय धाप लागणारा माणूस कमी चालतो, आणि न चालणाऱ्याच्या हाडांवर भार पडत नाही. भार नसला की शरीर हिशेबी होतं, वापरात नसलेल्या हाडावर खनिज खर्च करत नाही. म्हणजे हवा फुप्फुसात गेली, फुप्फुसाने औषध मागितलं, औषधाने हाड खाल्लं, आणि मोडलेल्या हाडाच्या केसपेपरवर कारण लिहिलं जाणार : घसरून पडणे.

आता उन्हाकडे येते, कारण आत्याचा खरा प्रश्न उन्हाचाच होता.

धूर आणि हाड यांचं नातं नवं नाही, आपणच ते विसरलो. मुडदूस हा रोग युरोपातल्या कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत शतकानुशतकं मुलांचे पाय वाकवत होता. इंग्लंडमध्ये तो इतका होता की बाकीचे त्याला इंग्रजी रोगच म्हणत. थिओबाल्ड पाम नावाचा एक मिशनरी डॉक्टर जपानात काही वर्षं काम करून मायदेशी परतला आणि चक्रावला. जपानात गरिबी होती, पण मुडदूस दिसला नव्हता. इथे तो गल्लीगल्लीत. त्याने चीन, हिंदुस्थान अशा ठिकठिकाणच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं आणि १८९० मध्ये लिहून टाकलं की कमतरता सूर्यप्रकाशाची आहे. फारसं कुणी ऐकलं नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली बसवलं आणि एक्स-रे काढून दाखवलं की हाडं भरून येताहेत. उजेड एकाच हातावर पाडला तरी सुधारणा दुसऱ्या हातातही दिसत होती. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. त्या 'काहीतरी'ला पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं. काळा धूर आणि वाकडे पाय यांच्यामधला दुवा सापडायला एवढी वर्षं लागली, आणि तोवर मुलांच्या कित्येक पिढ्या त्या धुरात चालायला शिकल्या.

ड जीवनसत्त्व बनवणारे किरण म्हणजे अतिनील-ब. ते नाजूक असतात. काच त्यांना अडवते, ढग अडवतात, धुरकं अडवतं, जमिनीलगतचा ओझोनही शोषून घेतो. दिल्लीच्या मोरी गेट भागातल्या आणि तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ असलेल्या गुडगावमधल्या लहान मुलांची तुलना करणारा एक छोटा अभ्यास २००२ मध्ये आला होता. मुलं नऊ महिने ते दोन वर्षं वयाची. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे सरासरी १२.४ नॅनोग्रॅम, गुडगावच्या मुलांत २७.१. मुलं मोजकी होती, मान्य. पण भर उन्हाच्या देशात मुलांना ऊन पुरत नाही हे वाचून मी त्या सकाळच्या ताटलीसारख्या सूर्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. टक लावून बघता येणारा सूर्य सुंदर दिसतो खरा. हाडांच्या दृष्टीने तो बिनकामाचा.

यातून आत्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळालं, आणि ते दोन्ही कागदांत न लिहिलेलं होतं. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण सूर्य तिरपा असताना अतिनील-ब किरण वातावरणाच्या जाड थरातून खाली पोचतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. आणि हिवाळ्यात नेमकी सकाळची हवा सगळ्यात वाईट असते : रात्री जमीन गार पडते, वर उबदार थराचं झाकण बसतं, सगळा धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढलं, जमीन तापली, हवा वर उचलली गेली की तो पांगतो. म्हणजे हिवाळ्यापुरतं तरी दोन्ही डॉक्टरांचं एकमत दुपारच्या बाराच्या आसपास होतं! हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "बाराच्या उन्हात कोण फिरायला जातं?" ती म्हणाली. पण गेली. छत्री उघडून. मी गॅलरीतून ओरडले तेव्हा छत्री मिटली, ती काठीसारखी टेकत पुढे चालत राहिली. उन्हाळ्यात हे गणित उलटतं, दुपारी ओझोन वाढतो, ऊन सोसत नाही. तेव्हाचं तेव्हा बघू. ज्या दिवशी दुपारीही आकडा लालच असतो त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलते आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव करते. हाडाला भार हवा असतो, तो आकाशाखालीच पडला पाहिजे असं नाही. ऊन नसेल तर ड जीवनसत्त्वाची गोळी आहे. पण हे सगळं करूनही श्वास घ्यावाच लागतो आणि त्याला पर्यायी गोळी नाही.

वाचता वाचता मी आणखी एका गोष्टीपाशी अडखळले, आणि तिथून मला पटकन पुढे जाता आलं नाही. हाडं हवेने झिजतात एवढंच नाही, ती हवा साठवूनही ठेवतात. लहानपणी मला पेट्रोलचा वास फार आवडायचा. पंपावर बाबांच्या स्कूटरपुढे उभी राहून मी तो छातीभर ओढून घ्यायची. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. इंजिन खडखडू नये म्हणून ते घालायची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली, आणि पुढची कित्येक दशकं जगभरातल्या गाड्यांच्या नळ्यांतून शिसं हवेत सांडत राहिलं. भारतात २००० साली ते थांबलं. सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. पण शरीर शिशाला कॅल्शियमच समजतं आणि हाडात नेऊन ठेवतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांतच असतं आणि तिथे ते दशकानुदशकं टिकतं. पेट्रोल बदललं, स्कूटर भंगारात गेली, पंपही राहिला नसेल. माझ्या नडगीत त्या वासाचा अंश अजून असणार. आणि हा साठा निपचित पडून राहत नाही. गरोदरपणात, रजोनिवृत्तीनंतर हाड वेगाने विरघळायला लागलं की शिसं पुन्हा रक्तात उतरतं. आत्याने ज्या हवेत तारुण्य काढलं, ती हवा आज तिच्या रक्तात परत येत असेल. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगून ती काय करणार?

याच साठवणुकीची दुसरी एक गोष्ट आहे, ती वाचल्यावर मात्र जरा बरं वाटलं. अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या आकाशाखाली होत होत्या तेव्हाची. त्यातून उडालेलं स्ट्राँशियम-९० वाऱ्यावर पसरायचं, पावसाबरोबर गवतावर पडायचं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जायचं, आणि कॅल्शियमचा जुळा भाऊ असल्यासारखं हाडांत आणि दातांत जाऊन बसायचं. मुलांची हाडं काही कापून बघता येत नाहीत. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी साधी शक्कल लढवली : मुलांचे पडलेले दुधाचे दात मागवायचे. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळायचा, 'मी माझा दात विज्ञानाला दिला' असा. सुमारे तीन लाख दात गोळा झाले. डॉ. लुईझ राइस यांनी १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष छापले : चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्राँशियम वाढत गेलेलं. १९६३ मध्ये हवेत चाचण्या करण्यावर बंदी घालणारा करार झाला. एकट्या दातांनी तो झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण आयांच्या हातात तोवर पुरावा आला होता. बंदीनंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते प्रमाण उतरत गेलं. हवा सुधारली आणि ते मुलांच्या दातांत दिसलं.

आजच्या काजळीसाठी असा बिल्ला कुणी काढलेला नाही. काजळी दातात सापडत नाही, हाडात स्वतःची खूण ठेवत नाही. फक्त थोडं हाड कमी झालेलं असतं. ते कशाने कमी झालं हे एका माणसाकडे बघून कुणीच सांगू शकत नाही. लाखोंच्या नोंदी एकत्र ठेवल्या तरच दिसतं. म्हणून कुणावर ओरडावं तेही कळत नाही. मी स्वतः गाडी चालवते. घराच्या खिडक्या बंद करून आत शुद्धीकरण यंत्र लावते, ज्याच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो. मास्क लावून बाहेर पडलेली मी आणि रस्ता झाडणारी, नाकाला नुसता पदर बांधलेली बाई, आम्ही दोघी एकाच चौकात असतो. तिच्या मणक्यांची घनता कुणी मोजणार नाही. तिच्यासाठी उतारा वैयक्तिक असूच शकत नाही. आत्याला बाराची वेळ निवडता आली, कारण तिला पेन्शन आहे.

परवा आत्याच्या पुढच्या तपासणीला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी संगणकावर फ्रॅक्स नावाचं कोष्टक उघडलं. शेफिल्ड विद्यापीठात बनलेलं, २००८ पासून वापरात असलेलं हे कोष्टक पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढून देतं. ते प्रश्न विचारत गेले, मी उत्तरं देत गेले. वय, वजन, उंची. आधी कधी हाड मोडलंय? आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा? संधिवात? मद्य? स्टिरॉइड? हो, अधूनमधून. धूम्रपान? "छे!" आत्या माझ्याआधीच म्हणाली. देश कोणता, हेही ते कोष्टक विचारतं. आपण कसल्या हवेत राहतो, हे विचारत नाही. मी तसं बोलून दाखवलं. डॉक्टर सज्जन, त्यांनी उडवून लावलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते अभ्यास मीही वाचलेत. पण तो रकाना वाढवला, तर त्याच्यापुढे मी औषध कुठलं लिहू?"

तेव्हा मी गप्प बसले. पण घरी येताना उत्तर सुचत गेलं, ते इथे लिहून ठेवते; पुढच्या वेळी त्यांना सांगायचं आहे. आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, या रकान्यापुढेही औषध नसतं. कुणाला आई-वडील बदलता येत नाहीत. दम्याच्या रुग्णाचं स्टिरॉइडही हाडांचे डॉक्टर एकाएकी बंद करत नाहीत. तरी ते रकाने आहेत. त्यांचा उपयोग एवढाच की ज्याच्यापुढे 'हो' लिहिलं जातं, त्याची हाडं लवकर मोजली जातात, उपचार खुबा मोडायच्या आधी सुरू होतात. दूषित हवेत आयुष्य काढलेल्या माणसाला साठीऐवजी पन्नाशीत त्या टेबलावर झोपवलं, पोटऱ्यांखाली तो ठोकळा दहा वर्षं आधी सरकवला, तर तेवढ्याने हवा सुधारणार नाही. ठिपका पिवळ्या पट्ट्यात असतानाच सापडेल.